चालायला लागलं की कोपर वर चढतं, बसलं की सुटतं. उपचार हाताला द्यायचा की पायाला?

वाई_फिजिओ (प्रश्न)

पुरुष, वय ५८. स्ट्रोक (लकवा): मेंदूच्या डाव्या मिडल सेरेब्रल धमनीचा इन्फार्क्ट, म्हणजे रक्त अडून तिथला भाग मेला, पाच महिने झाले. उजवी बाजू कमजोर. बोलणं तुटक आहे, पण सांगितलेलं कळतं. काठी डाव्या हातात, एएफओ (घोटा आणि पाऊल धरणारा आधार) नाही, पायात साधी चप्पल. दहा मीटरला २० सेकंद लागतात, म्हणजे वेग सेकंदाला ०.५ मीटर. मिनिटाला ८४ पावलं.

बसवून तपासलं तर कोपराच्या ताठरपणाला (० ते ४ च्या मापावर) मॉडिफाइड अ‍ॅशवर्थ १+. सावकाश ताणलं की कोपर पूर्ण सरळ होतं, सांधा आखडलेला नाही. फ्युगल-मायर (हात किती हलवता येतो याचा स्कोअर) ६६ पैकी २४.

स्वस्थ उभं असताना कोपर साधारण २० अंश वाकलेलं. चालायला सुरुवात केली की तीन-चार पावलांत ७५ अंशांपर्यंत चढतं, मूठ आवळते, खांदा कानाकडे जातो. थांबल्यावर अर्ध्या मिनिटात खाली येतं. घरचे दर पावलाला “हात सरळ, हात सरळ” म्हणतात आणि ते म्हणताच हात आणखी चढतो.

तीन प्रश्न:
१. चालताना हातावर नियंत्रण कोणाचं, मेंदूचं की मज्जारज्जूचं? बसल्यावर शहाण्यासारखं वागणारं कोपर चालताना असं का करतं?
२. बायसेप्समध्ये (दंडाच्या पुढच्या स्नायूत) बोटुलिनम (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) आत्ताच द्यायला सांगावं का?
३. या वेगाला हात झुलवायचं ट्रेनिंग करण्यात अर्थ आहे का?

---

न्यूरो_कट्टा

पहिल्याचं उत्तर देतो, बाकीच्यांचं इतर जण देतील.

अ‍ॅशवर्थ १+ आहे म्हणून टोन (स्नायूचा ताठरपणा) कमी, असं या पेशंटबाबत म्हणता येणार नाही. काहीही न करणारा हात दुसऱ्याने ताणला तर तो किती अडतो, एवढंच अ‍ॅशवर्थ सांगते. चालताना दिसतं ते निराळं. शरीराचा दुसरा भाग जोर लावत असताना लुळ्या हातात आपोआप उमटणारी ही हालचाल, म्हणजे असोसिएटेड रिअ‍ॅक्शन. वॉल्शने १९२३ मध्ये तिचं सविस्तर वर्णन केलं आहे. बसल्यावरचा स्कोअर आणि चालतानाचं कोपर यांचा मेळ बसत नाही म्हणून तपासणी चुकली असं समजू नका. त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता निरोगी माणसाचा हात चालताना का झुलतो ते. काही भाग निव्वळ लोलकाचा. कंबर एकीकडे वळते, छाती दुसरीकडे, आणि खांद्याला लटकलेला हात त्यांच्यामागे जातो. पण लोलकावर सगळं भागत नाही. खांद्यावरच्या डेल्टॉइडचा मागचा भाग आणि पाठीचा लॅटिसिमस डॉर्साय प्रत्येक झोक्याला ठरावीक वेळी काम करतात. हात अंगाला बांधून चालायला लावलं तरी खांद्याच्या स्नायूंमधले हे ठोके पूर्ण बंद पडत नाहीत. म्हणजे हुकूम आतूनच सुटतो. मानेच्या आणि कमरेच्या मज्जारज्जूतली जाळी एकमेकांशी जोडलेली आहेत. चार पायांवर चालणाऱ्या पूर्वजांकडून आलेलं हे सामान आपण अजून वापरतो.

मग मेंदूचा वाटा काय? बार्थेलेमी आणि नील्सन यांनी २०१० मध्ये चालणाऱ्या निरोगी माणसांच्या मोटर कॉर्टेक्सला (मेंदूच्या वरच्या थरातल्या हालचालीच्या भागाला) अगदी क्षीण चुंबकीय ठोका दिला, स्नायू उडणारही नाही इतका क्षीण. तेवढ्याने खांद्याच्या स्नायूचं चालू काम क्षणभर मंदावलं. असा ठोका कॉर्टेक्समधल्या आवर घालणाऱ्या पेशींना जागं करतो. त्याने काम मंदावत असेल, तर कॉर्टेक्स त्या कामात हात घालून होता असाच त्याचा अर्थ. तेव्हा तुमच्या “मेंदू की मज्जारज्जू”चं उत्तर: ताल मज्जारज्जूचा, त्यावरचं बारीक नियंत्रण कॉर्टेक्सचं, आणि दोघांच्या मधला निरोप्या ब्रेनस्टेम (मेंदूचा देठ).

तुमच्या पेशंटमध्ये बिघडलं आहे ते हे मधलं आणि वरचं. हाताचा भाग कॉर्टेक्सच्या बाहेरच्या कडेवर असतो, तो मिडल सेरेब्रलच्या हद्दीत येतो. पायाचा भाग दोन गोलार्धांच्या मधल्या फटीत असतो, त्याला रक्त बहुतांशी अँटीरिअर सेरेब्रल पुरवते. म्हणून माणूस चालायला लागतो आणि हात मागे राहतो. (मेंदूत खोलवर असलेल्या इंटर्नल कॅप्सूलच्या लहानशा स्ट्रोकमध्ये असं होत नाही. तिथे हातापायाचे तंतू शेजारी शेजारी दाटलेले असतात, दोन्ही एकदमच जातात.)

कॉर्टेक्सकडून मज्जारज्जूत उतरणारा कॉर्टिकोस्पायनल मार्ग तुटला की ब्रेनस्टेममधून उतरणाऱ्या रेटिक्युलोस्पायनल मार्गावर भार येतो. हा मार्ग दोन्ही बाजूंना जातो आणि एकेक तंतू बऱ्याच पातळ्यांवर फांद्या टाकतो. उभं राहण्या-चालण्याला उत्तम, एकटं कोपर किंवा एकटं बोट हलवायला निरुपयोगी. हातात त्याचा कल वाकवणाऱ्या स्नायूंकडे. शिवाय त्याच्यातल्या आवर घालणाऱ्या भागाला कॉर्टेक्सची चालना लागते, तीही गेलेली. चारीचं दार मोडल्यावर पाणी हव्या त्या वाफ्यात जात नाही, उताराला जातं. तसंच पाय उचलण्यासाठी सोडलेला जोर हातात उतरतो. हाताचा उतार वाकण्याकडे.

“हात सरळ”ने उलटं का होतं तेही इथेच कळतं. कोपर मुद्दाम सरळ करायचा हुकूम तुटलेल्या रस्त्यानेच पाठवावा लागतो. तो पोचत नाही, मग माणूस जास्त जोर लावतो, आणि जोर वाढला की सांडणंही वाढतं. त्यात बोलणं तुटक असलेल्याला दर पावलाला शब्द ऐकून अर्थ लावायचा म्हणजे वेगळाच भार. घरच्यांना आजपासून गप्प चालायला सांगा.

---

घरोघरी_फिजिओ

वरचं बरोबर आहे. पण चप्पल, एएफओ नाही आणि काठी एवढं वाचल्यावर पहिली नजर पायाकडे जायला हवी. पाऊल लटकतं का, कंबर वर उचलून पाय बाहेरून फिरवतात का, हे प्रश्नात लिहिलेलं नाही. ०.५ वेगाला बहुतेक तसंच असतं.

एक सोपी परीक्षा करा, अर्धा तास लागतो. तीन फेऱ्या घ्या, प्रत्येकीत सहा ते आठ पावलं.

पहिली फेरी नेहमीसारखी, चप्पल आणि काठी.

दुसरीत डावा हात स्वयंपाकाच्या ओट्यावर टेकवून ओट्याच्या कडेने चालवायचं. आधार पक्का, तोल जायची भीती नाही. कोपर किती चढतं ते बघा.

तिसऱ्या फेरीआधी पायात मागे पट्टा असलेली सँडल किंवा बूट घाला आणि चार इंची क्रेप बँडेजने पाऊल वर ओढून बांधा. पट्टी तळव्याखालून आतल्या कडेकडून बाहेरच्या कडेला न्यायची, बाहेरच्या कडेने वर ओढून नडगीच्या पुढून फिरवायची आणि गुडघ्याच्या बरीच खाली संपवायची. पावलाची बाहेरची कड उचलली गेली पाहिजे. उलट दिशेने गुंडाळली तर पाऊल आणखी आत वळतं, आणि ही चूक फार होते. बोटं निळसर किंवा गार पडली तर लगेच सोडा.

दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कोपर खाली आलं तर हाताला दोष देऊ नका, पायाचं काम महाग पडतं आहे. आधी ते स्वस्त करा. पोटरी फार ताठ नसेल तर मागे पातळ पान असलेला लवचीक एएफओ चालतो. घोट्याला क्लोनस (ताणल्यावर पाऊल आपोआप ठोके देत थरथरणं) असेल किंवा पाऊल आत मुरडत असेल तर घोटा धरून ठेवणारा कडक एएफओ घ्यावा लागतो. असल्या पायाला लवचीक दिला तर तो नुसता वाकतो आणि पैसे जातात.

साधी चप्पल आजच काढा. ती पायात टिकवायला बोटांनी पकडून ठेवावं लागतं. त्या पकडीने पोटरी ताठरते, मग पाय उचलायला जोर, मग कोपर. गंमत वाटेल, पण शंभर रुपयांच्या पट्ट्याच्या सँडलने पहिल्याच दिवशी फरक दिसू शकतो.

काठी: बूट घालून, हात मोकळा सोडून मनगटाच्या घडीला काठीची मूठ आली पाहिजे. धरल्यावर कोपर २० ते ३० अंश वाकतं. बाजारातल्या लाकडी काठ्या एकाच मापाच्या असतात, त्या कापून खाली नवं रबरी बूच बसवावं लागतं. उंच काठी निरोगी खांद्याला वर ढकलते आणि माणूस लुळ्या बाजूला झुकतो.

आणि घरच्यांनी लुळ्या हाताला धरून चालवायचं नाही. बखोटीला धरून उचलायचं तर मुळीच नाही. पट्टा नसेल तर जुनी सुती साडी चार पदरी घडी करून कमरेला घट्ट बांधा आणि लुळ्या बाजूने अर्धं पाऊल मागे राहून ती धरा. डेल्टॉइड आणि सुप्रास्पिनेटस (खांदा धरून ठेवणारे स्नायू) कमजोर असताना खांद्याचा सांधा जवळजवळ सांध्याच्या आवरणावर आणि बंधांवरच लटकलेला असतो. एक हिसका पुरतो.

---

गेटलॅब_पुणे

तिसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण त्यात मेख आहे.

०.५ मीटर वेगाला निरोगी माणसाचा हातसुद्धा “डावा पाय उजवा हात” असा झुलत नाही. वेग साधारण ०.७५ ते ०.८ मीटरच्या खाली गेला की हात दर पावलाला एकदा झुलू लागतात, म्हणजे दोन पावलांत दोन झोके, आणि तेही लहान. त्याच्यावर गेलं की दोन पावलांत एक झोका, नेहमीचा. कारण लोलकाचंच. हाताला स्वतःचा एक ताल असतो आणि हळू चालीत पायाचा ताल त्याच्या अर्ध्यावर येतो. म्हणून या वेगाला आरशासमोर “उलटा हात पुढे” घोकून घेणं म्हणजे निरोगी माणूसही जे करत नाही ते मागणं. पेशंट डोक्याने हात हलवायला लागतो, चाल आणखी मंदावते. आधी वेग ०.८ च्या आसपास न्या, झोका मागाहून बघू.

झोक्याने ऊर्जा वाचते हे खरं. २००९ मध्ये कॉलिन्स, अ‍ॅडॅम्झिक आणि कुओ यांनी निरोगी माणसांत मोजलं तेव्हा हात मुद्दाम स्थिर धरून चालण्याला नेहमीपेक्षा १२ टक्के जास्त ऊर्जा लागली. पण ते निरोगी माणसांच्या चालीबद्दल. तुमच्या पेशंटची ऊर्जा पाय घासण्यात जाते आहे.

७५ अंश हा आकडा कसा काढला? डोळ्यांनी काढला असेल तर पुन्हा मोजा, डोळ्यांना १५-२० अंश इकडे तिकडे कळत नाहीत. फोन कंबरेच्या उंचीला स्टुलावर, आडवा, चालण्याच्या रेषेशी काटकोनात, तीन मीटर लांब. सेकंदाला ६० फ्रेम. लुळी बाजू कॅमेऱ्याकडे, अंगात बिनबाह्यांचा बनियन. खुणेसाठी मोठ्या गोल टिकल्या उत्तम: एक खांद्याच्या टोकावर, एक कोपराच्या बाहेरच्या हाडावर, एक मनगटाच्या करंगळीकडच्या हाडावर. घाम येत असेल तर टिकलीवर मायक्रोपोर लावा. पहिले दोन आणि शेवटचे दोन मीटर टाकून द्या. सोसायटीच्या पार्किंगमध्ये १४ मीटर मिळतात, घरात मिळत नाहीत. किनोव्हियासारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये फ्रेम थांबवून कोन काढा: स्वस्थ उभं असताना, लुळी टाच टेकताना, लुळा पाय पुढे झुलत असताना मध्यावर, आणि निरोगी टाच टेकताना. सरळ कोपर शून्य धरायचं, नाहीतर तीन महिन्यांनी कोण १८० मधून वजा करत बसणार.

कोपर लुळा पाय झुलताना चढतं आणि टेकताना थोडं उतरतं, की पहिल्या पावलाला चढून तसंच अडकून राहतं, एवढं नक्की बघा. पहिल्यात दोष पाय उचलण्याचा. दुसऱ्यात तोलाची भीती किंवा सततचा टोन जास्त.

कोणाकडे सरफेस ईएमजी (कातडीवरून स्नायूंची वीज मोजणारं यंत्र) असेल तर एक पायरी पुढे जाता येतं. एकत्र काम करणाऱ्या दोन स्नायूंमध्ये १५ ते ३० हर्ट्झचा सामाईक थरथराट असेल तर वरून, कॉर्टेक्सकडून, दोघांना एकच हुकूम येतो आहे असं समजतात. याला इंटरमस्क्युलर कोहेरन्स म्हणतात. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या मंडळींनी याच पद्धतीने वयस्क माणसांत हाताच्या स्नायूंकडून पायाच्या स्नायूंकडे जाणारा जोड दाखवला आहे. स्ट्रोकनंतर हा थरथराट कमी झालेला आढळतो. पण दोन ठिकाणी फसायला होतं. एक, पावलं कमी घेणं. ९५ टक्क्यांची मर्यादा १ − ०.०५^(१/(ख−१)) अशी निघते, ख म्हणजे नोंदीचे तुकडे, साधारण पावलागणिक एक. २० तुकडे घेतले तर ०.१५च्या खालचं सगळं गोंगाट. १०० घेतले तर मर्यादा ०.०३ वर येते. वीस पावलांवर छापलेले सुंदर आलेख म्हणून संशयाने बघावेत. दुसरं, बायसेप्सच्या शेजारीच कोपर वाकवणारा दुसरा स्नायू ब्रेकिअ‍ॅलिस आहे, एकाचं सिग्नल दुसऱ्याच्या इलेक्ट्रोडवर गळतं आणि जिथे काही नाही तिथे कोहेरन्स दिसतं. इलेक्ट्रोडमधलं अंतर दोन सेंटीमीटर ठेवा आणि एकमेकांपासून लांबचे स्नायू निवडा. खांदा आणि मांडी, उदाहरणार्थ.

---

ओटी_मडगाव

गेटलॅबचं “आधी वेग, मग झोका” पूर्ण पटत नाही. झोका मागू नये, बरोबर. पण हाताला तालात सामील करायला ०.८ ची वाट बघायची गरज नाही. हाताचा लयबद्ध वापर पायाच्या रिफ्लेक्सवरही परिणाम करतो: निरोगी माणसात हात पेडलसारखे फिरवत ठेवले की पोटरीतला सोलिअस स्नायूचा एच-रिफ्लेक्स (नसेला विजेचा ठोका दिल्यावर स्नायूत उमटणारा झटका) दबतो. कॅनडातल्या व्हिक्टोरिया विद्यापीठातल्या गटाने जुन्या स्ट्रोकच्या पेशंटना नुसतं हाताचं सायकलिंग दिलं, आठवड्यातून तीनदा, ३० मिनिटं, पाच आठवडे, आणि चालण्यात सुधारणा दिसली. सुधारणा मोठी नव्हे, स्वतंत्र तुलना गटही नव्हता. तरी स्वस्त आणि बसून करायचं आहे.

घरी करायचं तर मिनी पेडलर टेबलावर. टेबलाला सी-क्लॅम्पने आवळा, नाहीतर तो पळतो. दांडा फिरताना सगळ्यात वर येतो तेव्हाही दंड खांद्याच्या पातळीच्या वर जाता कामा नये. लुळी मूठ पेडलवर क्रेप बँडेजने आठाच्या आकारात बांधा. मनगट खाली लोंबू द्यायचं नाही, अंगठा मुठीत अडकू द्यायचा नाही. सुरुवात पाच-पाच मिनिटांच्या दोन खेपांनी. ओढण्याचा ताण शून्यावर. ताण वाढवला की निरोगी हातच सगळं करतो आणि लुळा नुसता फिरवला जातो. बाहेरून बघून हे कळत नाही, निरोगी हात दोन फेऱ्या सैल सोडायला सांगितलं की कळतं.

उभ्याने करायला दोन काठ्यांची पद्धत. अर्ध्या किंवा पाऊण इंची पीव्हीसी पाइपचे चार-चार फुटांचे दोन तुकडे. पेशंट पुढे, तुम्ही मागे, दोघांच्या दोन्ही हातांत पाइपची टोकं. लुळ्या हाताला टोक बांधायचं. तिसरं माणूस कमरेचा पट्टा धरायला हवंच, कारण तुमचे दोन्ही हात अडकलेले असतात. ताल पेशंटचा घ्यायचा, आपला नाही. मेट्रोनोम लावला तर ८४ वरच ठेवा. झोका १५ अंशांचा पुरे. आणि खूण “मागे” या शब्दावर द्या, “पुढे”वर नाही. झोक्यात खरं काम डेल्टॉइडचा मागचा भाग करतो; पुढे ढकललं की खांदा वर येतो, कोपर वाकतं, आणि जे टाळायचं तेच घट्ट होतं. दहा मीटरच्या चार फेऱ्या, मध्ये बसून विश्रांती. श्वास रोखलेला दिसला की थांबायचं. खांदा दुखला तर त्या दिवशीचं बंद.

झोळी: हात पूर्ण लुळा असेल, सांधा खाली निसटून खांद्यात बोटभर खड्डा लागत असेल, तेव्हा चालण्यापुरती. बसलं की काढायची आणि हात उशीवर. या पेशंटला नकोच. गळ्यात अडकवून कोपर ९० अंशांत छातीला धरणारी झोळी म्हणजे आपण जे वाकणं कमी करू बघतो त्याचाच साचा.

आणि दाराला लटकवलेली पुली कृपा करून काढा. गोव्यात काय, महाराष्ट्रात काय, लकवा म्हटला की दुसऱ्या दिवशी सुताराला बोलावून पुली ठोकतात. १९९० मध्ये तीन प्रकारच्या व्यायामांची तुलना झाली होती. पुली ओढणाऱ्यांपैकी ६२ टक्क्यांचा खांदा दुखायला लागला, थेरपिस्टने हात हलवलेल्यांत ८ टक्के. निरोगी हात जोरात ओढतो, लुळं खांद्याचं पातं वर फिरत नाही, आणि दंडाचं हाड सांध्यावरच्या हाडाच्या छताला घासतं.

---

पीएमआर_नागपूर

बोटुलिनमबद्दल. घाई नको, पण दार बंदही करू नका.

ते स्नायूला सैल करतं, मेंदूतून सांडणारा जोर थांबवत नाही. परिणाम काही दिवसांत सुरू होतो, काही आठवड्यांत पूर्ण दिसतो, तीन-चार महिन्यांत ओसरतो. तोवर पायाचं काम स्वस्त झालेलं नसेल तर कोपर पुन्हा जागेवर. म्हणून घरोघरी_फिजिओंच्या तीन फेऱ्या आधी. पायाची व्यवस्था लावल्यावरही कोपर ५०-६० अंशांवर राहत असेल, कपडे घालताना आडवं येत असेल, दाराच्या चौकटीला आपटत असेल, तर द्यावं.

“बायसेप्समध्ये” हे आधीच ठरवू नका. चालताना कोपर वाकतं तेव्हा तळवा कुठे बघतो ते बघा. बायसेप्स हा तळवा वर फिरवणारासुद्धा आहे. तळवा वर असेल तर बायसेप्सवर संशय. तळवा जमिनीकडे असेल तर ब्रेकिअ‍ॅलिस आणि ब्रेकिओरेडिआलिस, हे कोपर वाकवणारे दुसरे स्नायू. दुसऱ्या प्रकारात सगळा डोस बायसेप्सला दिला की पैसे जाऊनही कोपर जिथल्या तिथे. ओनाबोटुलिनम या प्रकाराचा बायसेप्सचा नेहमीचा डोस १०० ते २०० युनिट, चार जागांत विभागून. प्रौढात सगळ्या स्नायूंचा मिळून तीन महिन्यांत ४०० युनिटच्या वर जायचं नाही, आणि १२ आठवड्यांच्या आत पुन्हा नाही. दुसऱ्या ब्रँडची युनिटं वेगळी असतात, एकाचा आकडा दुसऱ्याला लावता येत नाही.

तोंडाने घ्यायचं बॅक्लोफेन (ताठरपणा कमी करणारं औषध) फक्त कोपरासाठी नको. ते पायालाही सैल करतं. गुडघा धरून ठेवणारा ताठरपणा गेला तर चालणारा माणूस खाली बसतो. आणि चालू असेल तर एकदम बंद करायचं नसतं.

---

वाई_फिजिओ

सगळ्यांचे आभार. दहा दिवसांनी व्हिडिओवर मोजलेले आकडे, सरळ कोपर शून्य:

उभं असताना २२. चप्पल आणि काठीने चालताना लुळा पाय झुलताना मध्यावर ७८, टाच टेकताना ६६. ओट्याचा आधार घेऊन ५५. पट्ट्याची सँडल आणि पाऊल बांधून, काठी दीड इंच कापून ५०. तसंच बांधून दहा मीटरला १७ सेकंद.

पाऊल आत मुरडतं, क्लोनस दोन-तीन ठोक्यांचा. तळवा जमिनीकडे असतो, म्हणजे बायसेप्स एकटा दोषी नाही. घरच्यांचं बोलणं बंद केलंय, ते सगळ्यात अवघड गेलं.

एक नवीन गोष्ट. डोळे मिटवून लुळा हात हवेत धरला आणि डाव्या हाताने उजवा अंगठा पकडायला सांगितलं, तर वीतभर चुकतात. दोन काठ्यांच्या वेळी सारखं हाताकडे बघतात, आणि बघितलं की पाऊल अडखळतं.

---

न्यूरो_कट्टा

अंगठा वीतभर चुकतो म्हणजे हात कुठे आहे याची खबरच मेंदूला नीट पोचत नाही. मग बघणं ही वाईट सवय नाही, त्यांचा तोच एक उरलेला रस्ता आहे. “बघू नका” म्हणालात तर तेही “हात सरळ”सारखंच होईल.

---

ओटी_मडगाव

मग त्यांची नजर खाली न वळवता हात दिसेल असं करा. चालण्याच्या रेषेच्या शेवटी उभा आरसा, कपाटाचा चालेल. दोन्ही पाइपांच्या पुढच्या टोकांना लाल इन्सुलेशन टेप गुंडाळा, म्हणजे आरशात झोका डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसतो. लुळ्या मनगटावर साधारण पाव किलोचा वाळूचा पट्टा बांधून बघा. वजनाने हाताची जाणीव वाढते आणि लोलकही लांब होतो. कोपर त्याने वर गेलं तर लगेच काढा, काही जणांत जातं. खांद्यात खड्डा लागत असेल तर वजन बांधायचंच नाही.

---

घरोघरी_फिजिओ

पाऊल मुरडतं आणि क्लोनस आहे म्हणजे लवचीक एएफओ नको. घोटा धरणारा घ्या, माप देताना गुडघा वाकवून पाऊल काटकोनात धरायला सांगा, आणि तो मावेल असा एक नंबर मोठा बूट. दोन्ही पायांना सारखाच जाड तळ हवा. लुळ्या पायाचाच तळ उंचावला तर लुळा पाय आणखी लांब होतो आणि आपण फिरून पहिल्या फेरीवर येतो. एएफओ मिळाल्यावर दोन आठवडे सवय होऊ द्या, मग त्याच बनियनमध्ये, त्याच जागी, फोन त्याच स्टुलावर ठेवून पुन्हा चित्रण करा. तो आकडा घेऊनच बोटुलिनमचं विचारायला जा.